रेंजमधले आप्पा

गोविंदआप्पांचा मोबाइल खिशात नसायचा, हातातही नसायचा. तो गळ्यात असायचा. करगोट्याचा काळा दोरा तिपेडी वळून त्यांनी तो अडकवला होता. जेवायला बसले की पाठीवर टाकायचे, म्हणजे वरणात बुडायला नको. दाढीला बसले की न्हाव्याच्या कापडाबाहेर काढून ठेवायचे. मी पहिल्यांदा हसले तेव्हा म्हणाले, "गायना गयामा घंटी ऱ्हास ना, तशी हाई मन्ही घंटी. गाय कोठे चरी ऱ्हायनी ते धनीले समजाले पाहिजे."

असली वाक्यं ते विनोदासारखी टाकायचे आणि आपणच आधी हसायचे. त्यामुळे ऐकणाऱ्याला राग यायला उशीर लागे. मला एरवी राग यायला उशीर लागत नाही.

आप्पा शहाद्यातल्या एका कापूस पेढीचे दिवाणजी. मूळचे सारंगखेड्याकडचे, शेतकरी घरातले. वाटणीत आलेल्या जमिनीवर भागेना म्हणून तरुणपणी पेढीवर आले आणि गादीच्या डाव्या कोपऱ्यात बसले ते बसलेच. किडकिडीत अंग, पांढरी टोपी, तोंडात बडीशेप. उठायच्या आधी गादीवर दोनदा थाप मारायचे, जणू गादीची परवानगी घेतात.

पेढीचे मालक दोन भाऊ. मोठे शेठ आणि लहाने शेठ. आजोबा राजस्थानातून आलेले. नातवांची अहिराणी मात्र माझ्यापेक्षा चांगली. दोघे एकाच गादीवर, हातभर अंतरावर बसत, आणि जिनिंगच्या वाटणीवरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मधे आप्पा. "आप्पा, उनसे कहो, पंखा कम करें." आप्पा मान वळवून सांगायचे, "मोठा शेठ म्हनतस, पंखा कमी करा." "आप्पा, त्यांना सांगा, शाल पांघरा." ही भाषांतरं आप्पा चेहऱ्यावरची रेघ न हलवता करत.

माझ्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त असायची. वडील हमालांच्या संघटनेत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची: 'जमा व्हा', 'जाब विचारा', 'आपला घाम, आपला दाम'. अशा घरातली मुलगी शेठच्या पेढीवर कॉम्प्युटर चालवायला कशी गेली, असं वडिलांचे मित्र विचारत. माझ्याकडे उत्तर तयार होतं. बाजारात शेतकऱ्याला हातात पैसे मिळायचे तेव्हा त्यातून हे कापलं जायचं, ते कापलं जायचं. चार चकरा मारायला लावायचे. इंटरनेटवरून पैसा थेट खात्यात गेला की मधले सगळे हात गळून पडतील, असं मला मनापासून वाटत होतं. पेढीसाठी मी पत्रकही लिहून दिलं होतं: 'माल आज, पैसे आजच. थेट तुमच्या खात्यात.' आप्पांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं, आणि त्या दिवसापासून माझं नाव पत्रकवाली पडलं.

नेट बँकिंग सुरू करायला बँकेचा माणूस आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. त्याने विचारलं, "ओटीपीसाठी मोबाइल नंबर कोणाचा?"

मोठे शेठ म्हणाले, "माझा." लहाने शेठ म्हणाले, "माझा." चहावर साय धरली. बँकेचा माणूस घड्याळ बघू लागला. आणि एकाच क्षणी, एकमेकांकडे न बघता, दोघे भाऊ म्हणाले, "आप्पांचा लिहा."

मी त्या दोघांचं एकमत झालेलं पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. फॉर्मवर आप्पांचा नंबर मी माझ्या अक्षरात लिहिला. आप्पांना विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

त्याआधी तिजोरीत दोघांनी सह्या करून ठेवलेलं चेकबुक असे आणि तिजोरीची किल्ली आप्पांच्या कमरेला. आप्पा लग्नाला गेले की तिजोरी बंद, दोन दिवस सगळे थांबत. बाजाराला थांबायची सवय होती. नेटला ती नव्हती. रविवारी बँक बंद असायची, तोही दिवस गेला, कारण आता पैसे रविवारीही जात. पुढे आप्पा मला म्हणाले होते, "किल्ली ठीसन जाता ये. आकडा ठीसन कसा जाऊ? तो ते दर टायमाले नवा."

ठीसन म्हणजे ठेवून, आणि ओटीपीला ते आकडा म्हणत. आकडा आला की आधी बोटाने मांडीवर गिरवत, मग चष्मा वर करून मला विचारत, "कोनले? कितला? कसाना?"

कोणाला, किती, कशाचे. तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय आकडा सुटत नसे. कॉम्प्युटरवर वेळ संपत चाललेली असे, मी ओरडे, "आप्पा, सगळं स्क्रीनवर आहे!" ते शांतपणे म्हणत, "स्क्रीनले माहीत शे, मले नही." कितीदा तरी वेळ उलटून जाई आणि सगळं पहिल्यापासून करावं लागे. मी चिडले की हसत. "पत्रकवाली, तुन्हा राग म्हंजे तवावरनी भाकर शे. चांगली लागस, पन हात जयतस."

एका सकाळी मेल आला. कापसाच्या गाठी बांधायच्या पट्ट्या पुरवणाऱ्या गुजरातेतल्या व्यापाऱ्याचा. आमचं खातं बदललं आहे, पुढची रक्कम या नव्या खात्यावर टाका. नाव तेच, शिक्का तोच. मी खातं जोडलं. आप्पांचा मोबाइल वाजला.

"कोनले?" मी नाव सांगितलं. "कसाना?" पट्ट्यांचे. "मंग नवं खातं कसाले?"

"मेल आला आहे आप्पा. लेखी आहे."

"मेलमा माणूस ऱ्हास का? त्यान्हा आवाज आइकसू, मंग आकडा देसू."

जुन्या वहीतून त्यांनी नंबर काढला आणि स्वतः फोन लावला. आधी मुलाबाळांची विचारपूस, मग पाऊसपाणी. मी नखं खात बसले. शेवटी सहज विचारलं, "शेठ, खातं बदललं का तुमचं?" पलीकडून आलेलं "नहीं तो!" मलाही ऐकू आलं. मेल लबाडाचा होता. माझ्या हातून मोठी रक्कम गेली असती.

त्या दिवशी दोन्ही भावांनी आप्पांना पेढा भरवला, एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून. मोठे शेठ म्हणाले, "आप्पा है तो हम हैं." मला तेव्हा ते कौतुक वाटलं. आता कळतं, ती पुढे आलेल्या दोऱ्याची पहिली गाठ होती. आप्पा जितके खरे ठरत, तितके घट्ट बांधले जात.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, म्हणून त्यांनी एका दिवसासाठी मोबाइल पेढीवर ठेवला. मोठ्या शेठच्या मुलाने मी जेवायला गेलेली बघून आकडा घेतला आणि पेढीचे पैसे स्वतःच्या नव्या धंद्याच्या खात्यावर टाकले. लहान्या शेठनी बँकेत तक्रार केली, बँकेने खातं गोठवलं. मुलाने पैसे परत केले, पण खातं अकरा दिवस बंद राहिलं. हमालांची मजुरी अडकली. त्यांच्या बाजूने पत्रक माझ्या वडिलांनी काढलं आणि त्या पेढीवर नोकरीला मी, तेव्हा घरात अकरा दिवस काय झालं असेल ते सांगत नाही.

दोष कोणाचा? मुलाचा. पण आप्पा डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले, भिंतीला धरून पेढीवर आले आणि दोघा भावांपुढे हात जोडून म्हणाले, "चूक मन्ही शे. मी ठेवाले नको व्हता." दोन्ही भावांनी गादीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवून त्यांच्याकडून वचन घेतलं, की मोबाइल अंगावेगळा करणार नाही, दुसऱ्याच्या हाती देणार नाही. काळा दोरा त्या दिवसापासून आला.

मी दोघा शेठांशी भांडले. म्हटलं, हे वेठबिगारीसारखं आहे. मोठे शेठ रागावले नाहीत, ते रागावत नसत. "बेटा, हमने उनको बांधा है क्या? दरवाजा खुला है. पगार वाढवला. छुट्टी मागितली तर देतो." खरंच होतं. दार उघडं होतं. नंबर बदलायचा तर बँकेत दोन्ही भावांनी समोर उभं राहून सही करायची होती. मी अर्ज तयार केला. मोठे म्हणाले, आधी त्यांची घे. लहाने म्हणाले, आधी त्यांची घे. तो अर्ज माझ्या खणात दोन कोऱ्या जागांसकट पडून राहिला.

हे सगळं मी सांगते आहे ते सुनीतासाठी. सुनीता आप्पांची एकुलती एक मुलगी, धडगावच्या बाजूला डोंगरातल्या एका गावात नर्स. तिथल्याच एका पावरा आदिवासी मास्तरशी तिने लग्न केलं. भाऊबंदांनी आप्पांना वाळीत टाकायची भाषा केली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "मन्ही आंडेर सुखमा शे. तुम्ही तुमनं देखा." आंडेर म्हणजे लेक. लग्न शहाद्यात नोंदणीने झालं, आणि निघताना आप्पांनी व्याह्यांना शब्द दिला: तुमच्या अंगणात जेवायला येईन.

त्या अंगणात रेंज नव्हती.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. नातू झाला, तो चालायला लागला. व्याही प्रत्येक सणाला निरोप पाठवत, आप्पा प्रत्येक वेळी रेंजचं सांगत. डोंगरातल्या माणसांनी शहरातल्या लोकांच्या पुष्कळ सबबी ऐकलेल्या असतात. पाटलाला तहसीलचं काम निघतं, गुरुजीला ताप येतो. ही नवी सबब होती, एवढंच. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नाही, असं तिथे बोललं जाऊ लागलं, आणि सुनीता ते ऐकून घेत होती.

नातवाचं जाऊळ राहिलं होतं. आमच्याकडे मूल मामाच्या मांडीवर बसवून जाऊळ काढतात. मामा नव्हता, म्हणून आजोबा. व्याही म्हणाले, तुमची रीत करा, आमची हरकत नाही, पण आमच्या अंगणात. आणि सुनीताने फोनवर बापाला सांगितलं, "आप्पा, तुमनी मांडी नही ते वस्तरा नही."

पोराचे केस वाढत राहिले. सुनीता धडगावला आली की फोटो पाठवायची. आधी कपाळावर, मग खांद्यावर, मग दोन वेण्या. आप्पा तो फोटो मला दाखवायचे आणि नेमकी तेव्हाच वरून आकड्याच्या मेसेजची पट्टी उतरायची, पोराच्या तोंडावर. एकदा म्हणाले, "पोरगी वाटस ना?" आणि या वेळी आधी हसले नाहीत.

तिसरं वर्ष सरायच्या आत जाऊळ काढायचं होतं. पुढे चौथं लागतं, आणि सम वर्षी काढत नाहीत. शेवटी मीच बेत केला. मंगळवार ठरवला. सगळी देणी सकाळी नऊच्या आत पाठवली. दोन्ही शेठांकडून वेगवेगळा होकार घेतला, चार वाजेपर्यंत व्यवहार नाही. आप्पांनी नवं धोतर नेसलं, पेढ्यांचा पुडा घेतला. जावई मोटारसायकल घेऊन आला होता. म्हसावद मागे पडलं की रेंज तुटत जाते, घाटातल्या एका वळणावर शेवटची लागते. तिथून खाली सुनीताच्या घराचे पत्रे दिसतात म्हणे.

साडेअकराला त्या वळणावरून आप्पांचा फोन आला. आवाज वेगळाच होता, शाळा सुटल्यासारखा. "पत्रकवाली, आते मी खाले उतरस. चार वाजतस तवलोंग मन्ही घंटी बंद!"

मी फोन ठेवला आणि मान वर केली, तर काउंटरपुढे माणसं उभी. अकरा शेतकरी. भाव चढल्याचं ऐकून माल घेऊन आलेले. वजनाचा काटा झाला होता, कापूस उतरवून झाला होता. पहिला होता रतनभाऊ, त्याच्या हातात माझं पत्रक. "ताई, हाई तुम्हीच लिखेल शे ना? पैसे आजच?"

मी म्हटलं, "आजच. चारनंतर."

"चारनंतर आम्हले गावले गाडी नही. आनि ज्याना घरमा मोबाइलच नही, त्यानी कोठे देखानं पैसा उना का नही?"

मोठे शेठ गादीवरून म्हणाले, "बेटा, आप्पाको छुट्टी हमने दी. मगर इनका क्या?" लहाने शेठ त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "फोन लाव." दुसरं एकमत.

मी नाही म्हणू शकले असते. शेठला नाही म्हणणं मला जड नव्हतं, ते मी लहानपणापासून शिकले होते. पण समोर शेठ नव्हते. समोर माझंच वाक्य हातात धरून माणसं उभी होती. आणखी दोन मिनिटं थांबले असते तर आप्पा रेंजच्या बाहेर गेले असते आणि प्रश्नच मिटला असता. मी लगेच फोन लावला. ते लगेच मला अजून टोचतं.

आप्पांनी फोन उचलला. मग म्हणाले, "थांब. गाडी बंद कर रे." ते जावयाला होतं. मग मला: "हां. कोनले?"

अकरापैकी नऊ जणांची खाती नवीन. खातं जोडायला एक आकडा, पैसे पाठवायला दुसरा. बँकेचा सर्व्हर मध्येच झोपायचा. आकडा वळणावर पोचेपर्यंत जुना व्हायचा. आप्पा एका दगडावर बसले होते, उन्हात. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न, एकही न गाळता. एक वाजला, दोन वाजले. खाली अंगणात जेवण निवत होतं. तीनच्या सुमाराला मी म्हटलं, "आप्पा, प्रश्न राहू द्या आता, नुसता आकडा सांगा." ते म्हणाले, "नही माय. नुसता आकडा ते मशीन बी सांगी."

साडेचार वाजता, अजून तिघे बाकी असताना, फोनमध्ये बांगड्या वाजल्या. सुनीता पोराला कडेवर घेऊन घाट चढून वर आली होती. मागे न्हावी, आणि व्याही, हातात पितळी तांब्या.

फोन चालूच होता. मी सगळं ऐकलं. व्याही आपल्या तुटक मराठीत म्हणाले, "घ्या, पाणी. आमच्या घरचं. ते खाली घर, बघा. पाणी चढून आलं, तुम्ही उतरले नाही."

आप्पा पाणी प्यायले. गटागट, पूर्ण तांब्या. आवाज इथपर्यंत आला. मग म्हणाले, "आन त्याले. आठेच बठाड."

रस्त्याच्या कडेला, दगडावर, त्यांच्या मांडीवर जाऊळ निघालं. पोरगं किंचाळत होतं. कात्रीचा कचकच आवाज, सुनीताचं "बस बस, राजा", आणि त्याच्या मधून आप्पा: "कोनले?... कसाना?... चार... सात..." फोन स्पीकरवर, गळ्यातच लोंबत असणार आणि आकडा ते मान खाली घालून वाचत असणार, कारण दोन्ही हातांनी पोर धरलं होतं. शेवटचा आकडा त्यांनी सांगितला तेव्हा पोर थकून हुंदके देत होतं. माझ्यासमोर, बाकीच्यांना पुढे करून शेवटी थांबलेल्या रतनभाऊने मेसेज बघून पत्रक कपाळाला लावलं. "ताई, तुम्ही शब्द पाळेल शे."

मी त्या महिन्यात नोकरी सोडली. त्याने काही बदललं नाही, हे मला माहीत होतं.

निघायच्या आदल्या रविवारी आप्पा म्हणाले, "चाल, प्रकाशाले जाऊत." प्रकाशा हे तापीकाठचं तीर्थ; जाऊळ वाहत्या पाण्यात सोडतात. सुनीताने ते केस बापाकडेच दिले होते. म्हणाली, तिथे रेंज आहे, तिथे तरी तुम्ही जाऊ शकता.

तापीच्या घाटावर यात्रेकरूंची गर्दी होती. आप्पांनी पळसाच्या द्रोणात केस ठेवले. मऊ, तपकिरी, एका वेणीची रबराची गाठ तशीच. धोतर खोचून ते पायऱ्या उतरले. मी म्हटलं, "मोबाइल द्या आप्पा, मी धरते. भिजेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वचनाची आठवण आली असावी असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "नही माय. एकदाव तू धरशी, मंग तुन्हाच गयामा पडी."

त्यांनी दोरा डोक्यावरून काढला, मोबाइल डाव्या हातात घेऊन हात उंच केला आणि कमरेइतक्या पाण्यात गेले. उजव्या हाताने द्रोण सोडला. तेवढ्यात वर धरलेला मोबाइल वाजला. माझ्या जागी आलेला नवा ऑपरेटर असणार. घाटावरची माणसं वळून बघू लागली. आप्पांनी हात खाली घेतला नाही. द्रोण गिरकी घेत होता, मग त्याला धार सापडली. वाजून वाजून मोबाइल थांबला आणि पुन्हा वाजू लागला. आप्पा तसेच उभे, हात वर, नजर पाण्यावर. द्रोण पुलाखाली जाऊन दिसेनासा झाला.

मग त्यांनी हात खाली घेतला, मोबाइल कानाला लावला आणि पाण्यात उभ्या उभ्याच विचारलं, "हां, बोल. कोनले?"